बाबांना दवाखान्यात तीन दिवस चुकीची गोळी गेली, आता सिस्टरना काही विचारायचं तर कसं विचारायचं?

नाशिकची_लेक
गुरुवार, रात्री ११.४०

नमस्कार, मी इथे बहुतेक वाचतेच, लिहायची ही दुसरी तिसरी वेळ असेल. सध्या बाबांच्या वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर टाइप करतेय त्यामुळे चुका झाल्या तर समजून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. गेली ८ वर्षं संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड, त्यासाठी मेथोट्रेक्सेटची १५ ची गोळी चालू आहे, आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी. घरी हे सगळं आई बघते, रविवारी देवपूजा झाली की नाश्त्याच्या ताटलीत ती पिवळी गोळी ठेवायची हे तिचं ठरलेलं. मागच्या शनिवारी संध्याकाळी बाबांना खूप ताप आणि धाप लागली म्हणून ॲडमिट केलं, न्यूमोनिया निघाला. आईचे गुडघे धरलेत, ती येऊ शकत नाही, धाकटा भाऊ सोबत होता. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं चालू औषधं कोणती, तर त्याने आईने दिलेली गोळ्यांची पिशवी तशीच्या तशी काढून दिली. आता स्ट्रिपवर कुठे लिहिलेलं असतं रविवारी घ्यायची म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी, ॲसिडिटीची गोळी आणि ही, सगळ्यांपुढे ओडी लिहिलं, म्हणजे रोज एकदा.

रविवारी दिली, सोमवारी दिली, मंगळवारी दिली. भावाला काहीच कल्पना नव्हती आणि बाबा तापात होते, समोर धरलं ते घेतलं. काल बुधवारी रात्री मी होते. सिस्टर प्लास्टिकच्या छोट्या वाटीत गोळ्या घेऊन आल्या, बाबांनी वाटीत बघितलं आणि अर्धवट झोपेत मला विचारलं, "आज रविवार आहे का गं?" माझ्या अंगावर काटाच आला. मी सिस्टरना म्हटलं ही गोळी रोजची नाहीये, तर म्हणाल्या चार्टमध्ये आहे, डॉक्टरांनी लिहिलंय, आम्ही आमच्या मनाने नाही देत. मी म्हटलं नका देऊ, थांबा, माझा आवाज थोडा चढला हे खरं आहे. त्या वाटी तिथेच टेबलावर ठेवून निघून गेल्या. मग मी खाली जाऊन आरएमओना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, गाठलं, त्यांनी फाईल बघितली, चेहरा बदलला त्यांचा, लगेच ती गोळी खोडली आणि रक्त घ्यायला सांगितलं. आज सकाळी मोठे डॉक्टर आले, म्हणाले झालं ते चुकीचं झालं, त्यावरचं एक इंजेक्शन सुरू करतोय. एवढंच.

तेव्हापासून वॉर्डमधलं वातावरण बदललंय. सिस्टर कामाशिवाय बोलत नाहीत. मी चार्ट बघायला मागितला तर नातेवाइकांना दाखवत नाही असं उत्तर मिळालं. आणि बाबा मलाच म्हणतात, "तू गप्प बस, तू सकाळी जाशील, मला यांच्याच हातात राहायचंय." यावर काय बोलणार सांगा.

मला भांडायचं नाहीये. अजून चार पाच दिवस तरी आम्ही इथे आहोत आणि दिवसाला चार वेळा काही ना काही बाबांच्या पोटात नाहीतर शिरेत जाणार आहे. प्रत्येक वेळी काय देताय हे विचारायचं, पण त्यांना अपमान वाटणार नाही असं, हे कसं करता येईल? कोणाशी बोलावं? लेखी द्यावं का आणि आत्ताच द्यावं का? इथे कोणी नर्सिंगमधलं, फार्मसीमधलं असेल तर प्लीज सांगा.

---

डॉ_पहाटपाळी
शुक्रवार, पहाटे १२.२०

बोलायचं कसं ते बाकीचे सांगतीलच, आधी तब्येतीचं बघू, कारण ते थांबू शकत नाही.

उद्याच्या राउंडला हे विचारा. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) कसा आला, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट किती. क्रिएटिनिन किती, कारण हे औषध किडनीतून बाहेर पडतं आणि किडनी मंद असेल तर अंगात जास्त वेळ राहतं. लिव्हरचे रिपोर्ट. इंजेक्शन कोणतं म्हणाले, बहुतेक ल्यूकोव्होरिन असेल, त्यालाच फोलिनिक ॲसिड म्हणतात. घरी मेथोट्रेक्सेटबरोबर फोलिक ॲसिडची जी छोटी गोळी देतात ती वेगळी, नाव सारखं वाटतं म्हणून सांगतोय, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आजचा काउंट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पेशी काही दिवसांनी खाली जाऊ शकतात, त्यामुळे पुढचा आठवडा दीड आठवडा पुन्हा पुन्हा तपासणी लागेल, डिस्चार्ज झाला तरी. बाबांचं तोंड रोज बॅटरी लावून बघा, जिभेवर, गालाच्या आतून फोड किंवा लाली दिसली, गिळताना दुखतंय म्हणाले, तर लगेच सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही.

अजून दोन गोष्टी. एवढं इन्फेक्शन असताना हे औषध साधारण बंदच ठेवतात, म्हणजे येत्या रविवारीसुद्धा आपोआप सुरू करू नका, त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना आजच फोन करून झालेलं सगळं सांगा. आणि अँटिबायोटिक काय चालू आहे ते विचारा, को-ट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्सेटबरोबर नको असतं, पेशी आणखी पडतात.

तुम्ही वाटी अडवलीत ते फार बरं केलंत. हे औषध रोज गेल्यामुळे माणसं दगावली आहेत, जगभरात, ही ओळखीची चूक आहे.

---

नाशिकची_लेक
शुक्रवार, पहाटे १२.३५

डॉक्टर, खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. तोंडात आत्ता तरी काही दिसत नाहीये, बॅटरी लावून बघून आले.

---

साताऱ्याचा_मामा
शुक्रवार, सकाळी ७.०५

ताई राग मानू नका पण माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याच्या वेळी आयसीयूमध्ये असंच झालं होतं, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच्या नावावर आलं होतं, दिलं नव्हतं पण आणलं होतं, आणि मी तिथे खूप बोललो, सगळ्यांसमोर, आवाज करून. त्यानंतर पाच दिवस आमच्याशी कोणी धड बोललं नाही, काही विचारलं की मॅनेजरला भेटा, मॅनेजरकडे गेलं की डॉक्टर बिझी आहेत, मेहुणा कसा आहे हेसुद्धा आम्हाला वॉर्डबॉयकडून कळायचं. माझी बहीण रडायची की दादा तू कशाला बोललास. म्हणून माझं मत, डिस्चार्ज होईपर्यंत शांत राहा, घरी गेलात की मग काय लेखी तक्रार करायची ती करा. आपलं माणूस त्यांच्या हातात असतं हो. तुमचे वडील चुकीचं बोलत नाहीयेत.

---

वॉर्ड_नंबर_सहा
शुक्रवार, दुपारी ३.१५

नाइट करून झोपून आत्ता उठले आणि हा धागा वाचला. मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली, पहिली ६ सरकारीत आणि नंतर खाजगीत. जरा मोठं लिहिणार आहे.

मामा, तुमच्या बहिणीचं दुःख मी समजू शकते, मी असे नातेवाईक आणि असे स्टाफ दोन्ही बघितलेत. पण तक्रार डिस्चार्जपर्यंत थांबू शकते, गोळी थांबत नाही. ताईंच्या वडिलांची गुरुवारची गोळी चार्टप्रमाणे आलीच असती, शुक्रवारचीही. त्या वेळी बोलायलाच हवं होतं. तुमच्याकडेही तुम्ही बोललात म्हणून इंजेक्शन गेलं नाही ना? बोललात ते बरोबरच होतं, आवाजामुळे गोष्ट बिघडली असेल. मी त्या स्टाफची बाजू घेत नाहीये, पेशंट कसा आहे हे नातेवाइकांना न सांगणं हे कुठल्याही परिस्थितीत चूकच.

आता ताई, आमच्या बाजूने वॉर्ड कसा दिसतो ते सांगते म्हणजे कुठे बोलायचं ते कळेल. रात्री एका सिस्टरकडे १५-१५, कधी २० पेशंट असतात. नऊच्या औषधांना ट्रॉली घेऊन निघालं की बेलवर बेल वाजत असते, एकाचं सलाईन संपलंय, एकाला उलटी, एकाचे नातेवाईक टीव्हीचा रिमोट मागतायत. आम्हाला शिकवलेलं असतं की योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच बघितल्याशिवाय द्यायचं नाही. पण चार्टवरच ओडी लिहिलेलं असेल तर पाचही बरोबर येतात आणि तरी गोळी चुकीची असते, तुमच्याकडे नेमकं तेच झालं. हे औषध आठवड्याचं आहे हे त्या सिस्टरना माहीत असायला हवं होतं, मी त्यांना पाठीशी घालत नाही. पण लिहिणाऱ्याने न विचारता लिहिलं, फार्मसीने न विचारता दिलं आणि सिस्टरने न विचारता वाटीत टाकलं, तीन जागी कोणीतरी थांबायला हवं होतं आणि थांबले शेवटी बाबा, तेही तापात.

विचारायचं कसं. मी जे ऐकून घेते आणि माझ्या नवीन मुलींनाही ऐकून घ्या म्हणून सांगते ते लिहिते. चुकीची गोळी आहे, असं सुरुवातीलाच म्हणू नका, तो शब्द कानावर पडला की माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि मग चार्ट, डॉक्टर, आम्ही मनाने देत नाही, हे सगळं सुरू होतं. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. "सिस्टर, बाबा घरी ही फक्त रविवारी घेतात, आठ वर्षं झाली. डॉक्टरांना एक फोन करून विचारता का, तोवर ही बाजूला ठेवू." यात आरोप नाही, पण गोळी थांबते. आणि थांबवायचंच असेल तेव्हा मात्र गुळमुळीत बोलू नका. "डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत आम्ही ही घेणार नाही, तसं चार्टवर लिहा." पेशंटने नाकारलेलं औषध आम्हाला चार्टवर तसं नोंदवावंच लागतं, आणि नोंद झाली की डॉक्टरांना कळवावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आवाज न चढवता बोलता येतं आणि काम होतं. फक्त एक बघा, चालू असलेलं औषध उगाच चुकायला नको, अँटिबायोटिक तासांवर चालतं, म्हणून नाही म्हटलं की लगेच डॉक्टरांना बोलवायला लावायचं, सकाळवर सोडायचं नाही.

वेळ पण बघा. आम्ही इंजेक्शन भरत असतो किंवा ट्रॉलीवर गोळ्या काढत असतो तेव्हा मध्ये बोलू नका, तेव्हाच मोजणी चुकते. बेडपाशी आल्यावर विचारा, आणि रोज विचारा, फक्त शंका आली तेव्हा नाही. "ही कोणती, कशासाठी?" एवढंच. पहिल्या दिवशी खटकतं, तिसऱ्या दिवशी आम्हीच नाव सांगत सांगत देतो. गोळी वाटीत सुटी नको, स्ट्रिपमधून समोर काढा असं म्हणा, बहुतेक जणी काढतात. नाव विचारायच्या आधीच गोळी हातात ठेवली तर बाबांनी स्वतः आपलं पूर्ण नाव सांगायचं.

मी एकदा वाचलेय अशीच, ते सांगते. साधारण २०१४ ची गोष्ट. एका काकूंना पेनिसिलीनची ॲलर्जी होती, फाईलवर पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलेलं. तीन दिवसांनी नवीन पान लागलं, त्यावर ते उतरलंच नाही. रात्री ताप चढला म्हणून फोनवरून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची ऑर्डर आली, मी भरून घेऊन गेले. हे पेनिसिलीनच्याच घरातलं औषध आहे हे मला माहीत होतं, पण ॲलर्जी माहीत नव्हती. काकूंची सून, अगदी साधी, खेड्यातली, तिने मला विचारलं, "ताई, यात पेनिसिलीन नाही ना? आईंना पूर्वी अंग सुजून घटका मोजायची वेळ आली होती." मी सिरिंज हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मला आजही ती सून आठवते, तिने विचारलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. त्या रात्री मी तिला चहा आणून दिला.

तर विचारा ताई. ज्या सिस्टरशी वाजलं त्यांची ड्युटी परत लागेल तेव्हा आधी तुम्हीच बोला, काल माझा आवाज चढला, बाबांची काळजी होती, म्हणून. त्याही घाबरलेल्या असतील, त्यांना मेट्रनपुढे उभं केलं असेल, इन्सिडंट रिपोर्ट लिहावा लागला असेल. कामाशिवाय न बोलणं हे बऱ्याचदा रागापेक्षा भीतीने असतं. आणि तरीही त्रास देतायत असं वाटलं तर थेट वॉर्ड इन्चार्ज सिस्टरना भेटा, सकाळी ९ ते १० च्या दरम्यान, हँडओव्हर आणि राउंड झाल्यावर. त्यांच्या वर मेट्रन, म्हणजे नर्सिंग सुपरिंटेंडंट. मॅनेजर आणि बिलिंगवाल्यांकडे याचं काही होत नाही.

---

साताऱ्याचा_मामा
शुक्रवार, दुपारी ४.१०

सिस्टर, बरोबर आहे तुमचं. इंजेक्शन गेलं नाही हे मी त्या वेळच्या त्रासात विसरलोच होतो. बहिणीला हे वाचायला पाठवतो.

---

खलबत्ता
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

मी पुण्यात हॉस्पिटल फार्मसीत आहे. वर लिहिलंय त्यात थोडी भर.

ताई, आज रात्री एक काम करा, आईंना फोन लावा आणि घरातल्या सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहा. औषधाचं मूळ नाव, ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात असतं ते, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कोणत्या वारी, कशासाठी, कधीपासून. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, कोणी दिलेलं तेल, दुखीची गोळी जी अधूनमधून घेतात, सगळं. मेथोट्रेक्सेटपुढे "फक्त रविवार" अक्षरी लिहा आणि सध्या बंद असंही. वर ॲलर्जी. एक प्रत फाईलला लावायला द्या, एक बेडजवळच्या कपाटाला चिकटवा, तिसरा फोटो मोबाईलमध्ये. गोळ्यांची पिशवी देऊ नका कोणाला, पिशवी बघून जे लिहिलं जातं त्यात वार आणि वेळ नसतात. भावाने मनाला लावून घेऊ नये, शंभरातले नव्वद जण पिशवीच देतात, विचारून घेणं हे आमच्याकडच्या माणसांचं काम होतं.

तुमच्या दवाखान्यात क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत का विचारा. मोठ्या दवाखान्यांत, खास करून एनएबीएचवाल्या, म्हणजे दर्जाचं मानांकन मिळालेल्या, असतात, पण नातेवाइकांना माहीतच नसतं. त्यांना एकदा बेडवर बोलवून पूर्ण चार्ट तपासायला सांगा. डॉक्टरांकरवी निरोप गेला तर लवकर येतात.

नावावरून पण घोटाळे होतात, आपल्याकडे एकेका औषधाचे इतके ब्रँड आहेत की एका अक्षराच्या फरकाने भलतंच हातात येतं. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांच्या नावावरून सुप्रीम कोर्टात गेलेली केस आहे, २००१ चा निकाल, कोर्टाने तेव्हाच म्हटलं होतं की औषधांच्या नावातलं साम्य इतर मालापेक्षा जास्त कडक बघायला हवं कारण चुकलं तर जीवावर बेततं. त्यामुळे मेडिकलमधून आणलेलं औषध चिठ्ठीशी अक्षर अक्षर लावून बघा आणि दुसरी कंपनी दिलीय असं म्हणाले तर मूळ नाव आणि ताकद तीच आहे ना एवढं बघा. स्ट्रिप कापून दिलेली असेल तर नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते, नावाचा तुकडा मागून घ्या.

इथे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी इन्शुलिन आहे त्यांच्यासाठी, विषय थोडा बाजूला जातोय पण लिहितोच. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४०, आणि पेनमधलं १०० चं. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला २० च्या जागी ५० युनिट जातात, अडीच पट, शुगर पडून माणूस बेशुद्ध होतो. उलटं केलं तर अर्ध्याहून कमी जातं. ॲडमिट असताना घरचं इन्शुलिन वापरताय की दवाखान्याचं, आणि सिरिंज कोणती, हे विचारायला लाजू नका. मी हे वॉर्डमध्ये जाऊन टोपणं दाखवून समजावतो, तरी दर थोड्या महिन्यांनी एखादी गडबड होतेच.

औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद पेशंट किंवा नातेवाईकही करू शकतात. केंद्राचा फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, २०१० पासून, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, टोल फ्री १८०० १८० ३०२४. त्याने दवाखान्यावर कारवाई होत नाही, ती त्यांची कामगिरी नाही. पण कोणतं औषध कुठे कसा त्रास देतंय हे तिथे जमा होतं, आणि आपल्याकडून नोंदी फार कमी जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

पिट्सबर्गची_सई
शुक्रवार, रात्री ९.५०

नाशिकची_लेक, तुझ्या बाबांचं वाक्य वाचून पोटात तुटलं. "मला यांच्याच हातात राहायचंय" हे माझी आईही म्हणायची.

इथे अमेरिकेत हे असं होत नाही असं कोणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. जोसी किंग नावाच्या दीड वर्षाच्या मुलीची गोष्ट इथल्या नर्सिंग कॉलेजांत शिकवतात. २००१ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, म्हणजे जगातल्या नावाजलेल्या दवाखान्यात. भाजल्यामुळे ॲडमिट होती, बरी होत होती, घरी जायला थोडेच दिवस राहिले होते. पोरगी पाण्यासाठी कासावीस व्हायची, आई सांगत राहिली की ही बरी दिसत नाहीये. मादक वेदनाशामक द्यायचं नाही असं ठरलेलं असताना नर्स मेथाडोन, म्हणजे तसलंच औषध, घेऊन आली. आईने म्हटलं हिला द्यायचं नाही असं सांगितलंय. नर्स म्हणाली ऑर्डर बदललीय. आई थांबली, कारण कोणीही थांबेलच ना, ती म्हणतेय ऑर्डर बदललीय. औषध गेलं आणि मुलगी गेली. त्या आईने, सॉरेल किंगने, पुढे नुकसानभरपाईच्या पैशातून संस्था काढली आणि दवाखान्या-दवाखान्यांत जाऊन हेच सांगत राहिली.

त्यानंतर २००५ मध्ये आमच्या इथल्या, पिट्सबर्गच्या एका दवाखान्याने नातेवाइकांसाठी एक आतला फोन नंबर सुरू केला, कंडिशन एच म्हणतात, एच म्हणजे हेल्प. पेशंटची तब्येत बिघडतेय आणि माझं कोणी ऐकत नाहीये असं वाटलं की पेशंटने किंवा घरच्याने तो नंबर फिरवायचा, वॉर्डबाहेरची टीम येऊन बघते. भारतात असा नंबर सगळीकडे असेल असं नाही, पण तुझ्या वॉर्डमध्ये रात्री सिस्टरने नाही ऐकलं तर पुढचा माणूस कोण, हे दिवसाउजेडीच विचारून ठेव. त्या रात्री तू खाली धावत जाऊन आरएमओला गाठलंस, पण एकटा म्हातारा माणूस असता तर तो कुठे धावला असता?

---

कागद_जपून_ठेवा
शनिवार, सकाळी १०.२५

लेखी द्यावं का, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून. मी रुग्ण हक्कांचं थोडं काम करतो, वकील नाही.

द्या, आणि आत्ताच द्या, पण तक्रार म्हणून नाही, विनंती म्हणून. मेडिकल सुपरिंटेंडंटच्या नावे, एका पानात. कोणत्या तारखांना काय दिलं गेलं, कधी लक्षात आलं, कोणाला सांगितलं, आणि आता आमची विनंती की प्रत्येक औषध देताना नाव सांगावं, यादी फाईलला लावावी आणि रक्ताचे रिपोर्ट आम्हाला दाखवावेत. आवक शिक्का घेऊन प्रत ठेवा. कोणी चुकलं, कोणाला काढा, असलं त्यात काही नको. असा कागद आत गेला की तुमच्याशी नीट वागायची जबाबदारी वरच्यांवर येते.

चार्ट दाखवत नाही हे चालत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, त्यात ॲडमिट असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात असं आहे. ७२ तासांचं बंधन तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे, लेखी मागणी करायची, झेरॉक्सचा खर्च आपण द्यायचा. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खाजगी दवाखान्यांना बंधनकारक झालं. रिसेप्शनच्या आसपास बघा, फ्रेम असेल, नसेल तर तेही लिहून ठेवा. दवाखान्यात दाद लागली नाही तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. ग्राहक न्यायालयाचा रस्ता सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी हेच कागद लागतात.

इनडोअर पेपरमध्ये औषधांचा चार्ट, नर्सिंग नोट्स आणि डॉक्टरांच्या नोट्स तिन्ही मागा. नुसती डिस्चार्ज समरी देऊन पाठवतात, त्यात ते तीन दिवस दिसणार नाहीत. आणि डिस्चार्ज समरीत ही गोष्ट लिहून घ्याच, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे काउंट पडून गेलात तर त्याला कारण कळायला हवं.

---

नाशिकची_लेक
सोमवार, रात्री १०.१५

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा, दोन दिवस डोकं वर काढायला वेळ नव्हता.

पहिलं बाबांचं. पांढऱ्या पेशी शनिवारी थोड्या खाली आल्या होत्या, आज तेवढ्याच आहेत, अजून खाली नाही गेल्या. क्रिएटिनिन ठीक आहे. इंजेक्शन ल्यूकोव्होरिनच होतं. रविवारी जिभेच्या कडेला दोन फोड दिसले, बॅटरी लावून बघत होते म्हणूनच दिसले, लगेच सांगितलं, आता माउथवॉश आणि जेल चालू आहे, पातळ खिचडी खातायत. संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी सांगितलं मी बघितल्याशिवाय सुरू करायची नाही. डॉ_पहाटपाळी, तुम्ही त्या रात्री लिहिलं नसतं तर मी आजचा काउंट नॉर्मल म्हणून सोडून दिलं असतं.

यादी केली. आई फोनवर एक एक सांगत होती आणि भाऊ लिहीत होता, मध्येच तो थांबला आणि आईला म्हणाला मला माहीत नव्हतं गं, तिने त्याला काही बोलूच दिलं नाही, पुढचं लिही म्हणाली. त्याला तुमचा प्रतिसाद दाखवला, खलबत्ता. क्लिनिकल फार्मासिस्ट निघाल्या इथे, मॅडम शनिवारी येऊन अर्धा तास बसल्या, ॲसिडिटीची एक गोळी दोन नावांनी दोनदा चालू होती ती काढली. मी तर ते बघितलंच नव्हतं.

वॉर्ड_नंबर_सहा, त्या सिस्टर परवा रात्री ड्युटीवर आल्या तेव्हा मी आधीच उठून गेले आणि तुम्ही सांगितलंत तसं बोलले. त्या काही क्षण गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्यांना ट्रेनिंगला परत पाठवणार आहेत आणि त्या रात्री घरी जाऊन त्यांनाही झोप लागली नाही, त्यांनी वाटी तिथेच ठेवून जायला नको होतं, तेव्हाच डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मग दोघींनी मिळून स्ट्रिपा बघितल्या. त्या एकट्याचंच ट्रेनिंग का, लिहिणाऱ्याचं काय, हे मी विनंतीच्या कागदात विचारलंय. कागद दिला, शिक्का मिळाला. सुपरिंटेंडंट स्वतः येऊन गेले, चार्ट बेडपाशी बसून दाखवला, प्रत डिस्चार्जच्या वेळी देतो म्हणाले. सनदेची फ्रेम आहे, लिफ्टच्या मागच्या भिंतीवर, कोणाला दिसणार नाही अशी. तेही लिहून ठेवलंय.

आज सकाळी मी खाली चहा आणायला गेले होते, परत आले तर नवीन सिस्टर बाबांच्या बेडपाशी होत्या आणि बाबा चष्मा लावून हातातली स्ट्रिप वाचत होते, नाव मोठ्याने, तुकडे तुकडे पाडून, आणि सिस्टर थांबल्या होत्या त्यांचं वाचून होईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "ही कशाची?" त्या म्हणाल्या बीपीची, आजोबा. बाबांनी कपाटावरच्या यादीवर बोट ठेवून बघितलं आणि मग गोळी घेतली.

बहुतेक बुधवारी सोडतील. आईने घरून फोन केला होता, मेथोट्रेक्सेटची उरलेली स्ट्रिप तिने बाकीच्या औषधांतून काढून वेगळ्या डबीत ठेवलीय आणि डबीवर कागद चिकटवून लिहिलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

---

वॉर्ड_नंबर_सहा
सोमवार, रात्री ११.०५

घरी गेल्यावरही चार-पाच दिवस तोंड बघत राहा आणि सीबीसीची पुढची तारीख डिस्चार्ज समरीवर लिहून घ्या. ताप आला तर, अगदी थोडा आला तरी, क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना. बाबांना माझा नमस्कार सांगा.